वेल वाळले, भोपळे हिरवेच राहिले. काय काय करता येईल?

गुंठाभर

मंडळी,

सासवडजवळ आमचा जमिनीचा छोटा तुकडा आहे. घरापुरती भाजी निघते, जास्त झाली तर पाहुण्यांच्या पिशवीत जाते. यंदा बांधाच्या कडेने लाल भोपळा सोडला होता. पाऊसच उशिरा आला, त्यामुळे बी टाकायला जुलै संपत आला. पुढे वेल असे माजले की शेजारच्या तुरीवर चढले. सुरुवातीला नुसती नरफुलं, ती भज्यांत गेली. गणपती उठले तशी फळं धरायला लागली आणि मी मनातल्या मनात घारगे तळायला घेतले.

दसऱ्याच्या आसपास परतीच्या पावसाने झड लावली. पानांवर आधी शिरांच्या मधे पिवळे चौकोनी ठिपके, मग उघडीप पडल्यावर पांढरी भुरी. हात लावला की पानांचा चुरा. आता बांधावर नुसती दोरखंडं उरलीत आणि त्यांना ही फळं. लहान म्हणजे कवठाएवढी, मोठी असतील अडीच-तीन किलोची. सगळी हिरवी, दोन-चारांना पोटाकडून जरा पिवळट झाक आहे. दोन पाट्या तरी भरतील.

घरात आणून ठेवली तर ही पिकतील का? न पिकलेली खाल्लेली चालतात का? आणि चालत असतील तर नेहमीच्या भाजीपलीकडे काय करता येईल? घरात माणसं चार, त्यातलं एक भोपळा म्हटलं की ताटावरून उठतं. शेजारची म्हैस खुशीने खाईल, पण एवढं सगळं तिला घालणं जिवावर येतंय.

खडूस_पेठकर

सोसायटीत वाटा. आमच्याकडे एकांनी गच्चीवरचे दुधी असेच वाटले होते. तिसऱ्या फेरीनंतर त्यांची चाहूल लागली की लोक आतून टीव्हीचा आवाज बंद करायचे.

(हलके घ्या. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आमच्या सौ.नेही यंदा भोपळा लावलाय.)

मातीत_हात

ताई, पाककृतींच्या आधी फळं निवडून घ्या, कारण दोन पाट्यांत तुमच्याकडे खरं तर दोन वेगळ्या भाज्या आहेत.

देठ बघा. हिरवा, रसरशीत असेल तर फळ कोवळं. देठावर खाकी रेघा उमटून तो बुचासारखा कडक व्हायला लागला असेल तर फळ पक्व होत आलंय. मग सालीत नख रोवून बघा. सहज रुतलं आणि ओल वर आली, तर ते फळ ठेवून पिकणार नाही, कुजेल. नुसता ओरखडा उठला तर आशा आहे. सालीची तुकतुकी गेली असेल आणि जमिनीला टेकलेला भाग पिवळसर झाला असेल तर अजून चांगलं. तुमची पोटाकडून पिवळट झालेली दोन-चार यातलीच असणार.

ती तोडताना वेल ओढू नका, विळ्याने कापा आणि देठ चार बोटं तरी फळाला राहू द्या. देठ निखळला की तिथूनच कूज शिरते. धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. दहा दिवस ते दोन आठवडे उबदार, हवेशीर जागी ठेवा, २५ ते ३० अंश तापमान उत्तम. ऑक्टोबर हीटचा हा एक फायदा. नंतर गार कोरड्या जागी, पेंढ्यावर, एकमेकांना न टेकवता. साल कडक होईल, रंगही धरेल.

पण गोडीची फार अपेक्षा ठेवू नका. पानं साखर बनवतात, ती फळात पिष्ट म्हणून साठते आणि तोडल्यानंतर ठेवणीत त्या पिष्टाची हळूहळू परत साखर होते. म्हणून मुरलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो. तुमची पानं महिन्याभराने लवकर गेली, म्हणजे आवकच थांबली. फळ धरल्यापासून पिकायला साधारण दीड महिना लागतो. जे साठलंच नाही त्याची ठेवणीत साखर कुठून होणार?

आणि पानांवर बुरशीनाशक मारलं असेल तर त्याच्या लेबलावर फवारणी आणि तोडणी यात किती दिवस हवेत ते दिलेलं असतं. तेवढे होऊ द्या, मगच चूल.

आजोळचं_घर

मातीत_हात, थोडा असहमत. आमच्या आजोळी भोपळे शिंक्यात टांगून ठेवायचे आणि ते शिमग्यापर्यंत टिकायचे. हिरवे असायचे की!

मातीत_हात

हिरव्या सालीचे असतील, कोवळे नसतील. काही वाणांची साल पिकल्यावरही हिरवीच राहते, आत गर केशरी. रंगावर जाऊ नका, नख आणि देठ बघा असं म्हणतोय ते त्यासाठीच. शिंक्यात ठेवणं उत्तमच, चारी बाजूंनी वारा लागतो आणि उंदीर पोचत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

काहून फेकता बाप्पा! आमच्याकडे कोहळं म्हणतात त्याला. पंगतीत कोहळ्याची भाजी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही. ती पिकल्या फळाची, सालासकट, गूळ-खसखस घालून. हिरव्याला तो थाट करू नका, फसवणूक वाटते. बोंडं, म्हणजे गोड भजी, तर अजिबात नाही. कोहळ्याच्या बोंडांना गर शिजून गोळा झालेला लागतो, हा हिरवा नुसतं पाणी सोडतो. मग कणीक वाढवत जा, गूळ वाढवत जा, शेवटी कोहळं त्यात नावाला.

हिरव्याची भाजी अशी: तेल जरा सढळ, त्यात मेथीदाणे लाल होऊ द्यायचे, भरपूर ठेचलेला लसूण, सुकी लाल मिरची, हळद. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आधी परतून घ्यायची, मग सालासकट मोठ्या फोडी. झाकण ठेवून झाकणावर पाणी. फोडींनाच इतकं पाणी सुटतं की वरून घालायचं काम नाही. शेवटी जाडसर दाण्याचा कूट. भाकरीसोबत खा आणि मग सांगा म्हशीला घालायचं का ते.

पाटा_वरवंटा

वऱ्हाडी_ठेचा यांनी मुद्द्याचं सांगितलं. कोवळा भोपळा हा कच्चा राहिलेला भोपळा समजून रांधला की बिघडतो, दुधी समजून रांधला की जमतो. दुधीचं जे जे करता ते सगळं करा. मी सवयीने करते ते लिहिते.

चिरण्याआधी हाताला तेल लावा. कोवळं फळ कापलं की सालीच्या लगत बारीक थेंब डवरून येतात, तो चीक. बोटांवर वाळला की कातडी ओढल्यासारखी होते आणि साबणाने लवकर जात नाही. आतला गर फिकट हिरवट-पांढरा, क्वचित लिंबाच्या रंगाचा. बिया मऊ असतील तर काढायच्या भानगडीत पडू नका, शिजतात. टरफल धरलेलं असेल तर मधला गाभा चमच्याने खरवडून टाका.

थालीपीठ: कीस, भाजणी, कांदा, तीळ, ओवा, तिखटमीठ. किसाला मीठ लावून दहा मिनिटांनी पिळा आणि त्याच पाण्यात पीठ भिजवा.

भरीत: फोडी वाफवून, गार झाल्यावर दही, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून हिंग-मोहरीची फोडणी. पिकल्या भोपळ्यासारखं दाट होत नाही, म्हणून दही टांगून घट्ट केलेलं घ्या. मला तर हेच जास्त आवडतं, पिकल्याचं भरीत गोडघाशी होतं.

सालीची चटणी: फक्त अगदी कोवळ्यांची. साल बारीक चिरून तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायची, घाई करायची नाही. मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ घालून ओबडधोबड कुटायची. दोडक्याच्या शिरांची करतो तशीच.

आणि दोन पाट्या खऱ्या संपवायच्या असतील तर सांडगे. पांढऱ्या कोहळ्याचे घालतात ना, अगदी तसेच. एक किलो कीस, पाव किलो हरभराडाळ आणि मूठभर उडीदडाळ रात्रभर भिजवून रवाळ वाटायची. वाटताना पाणी जवळजवळ नाही. हिरव्या मिरच्या, जिरं, हिंग. किसाला मीठ लावून घट्ट पिळा, इतकं की मुठीत गोळा राहील. मग कालवायचं आणि लगेच घालायचं, ठेवलं की पुन्हा पाणी सुटतं. प्लास्टिकवर लहान लहान, बोराएवढे. मोठे घातले की वरून कडक, आत ओले, आणि डब्यात बुरशी. संध्याकाळी घरात आणायचे, दुसऱ्या दिवशी उलटायचे. ताटलीत टाकल्यावर खणखण वाजले की झाले. तळून खिचडीबरोबर, नाहीतर परतून कांद्याच्या रश्श्यात.

चिंगी

वाचनखूण साठवली आहे. पाटा_वरवंटा ताई, तुमच्या सालीच्या चटणीसाठी मी आता मुद्दाम कोवळा भोपळा शोधणार.

यॉर्कशायरचा_पांडू

इकडे लीड्सला दरवर्षीची गोष्ट आहे ही. मे महिन्याशिवाय रोप बाहेर काढता येत नाही आणि ऑक्टोबरात पहिलं हिमदव पडलं की वेल एका रात्रीत काळे. ज्यांची फळं तोवर रंगली ती रंगली. हिमदवात सापडलेलं फळ अजिबात टिकत नाही, म्हणून रात्रीचा अंदाज बघून आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन तोडणी चालते. बायको म्हणते, लोक हॅलोविनला भोपळे घरी आणतात, तू शेजाऱ्यांना घाबरवायला अंधारात फिरतोस.

इथले म्हातारे लोक हिरव्या टोमॅटोची करतात तशीच हिरव्या भोपळ्याची चटणी करतात. फोडी, कांदा, आंबट सफरचंद, बेदाणे, मोहरी, आलं, साखर आणि व्हिनेगर. मंद आचेवर इतकं आटवायचं की डावाने ओढलेली वाट भांड्याच्या तळाशी क्षणभर तशीच राहील. आपल्या छुंद्याच्या जवळ जातं. दुसरा प्रकार जॅमचा. इथे मॅरो नावाचा भोपळ्याच्याच कुळातला मोठा हिरवा प्रकार असतो, त्याचा आलं-लिंबू घालून जॅम जुन्या घरांत अजून होतो. किलोला किलो साखर, रात्रभर साखरेत मुरवायचं, सकाळी आल्याचा तुकडा आणि लिंबाचा रस घालून शिजवायचं. हिरव्या भोपळ्याला चव स्वतःची फारशी नसते, आलं-लिंबू धरून घेतो.

पाटा_वरवंटा यांच्या दुधीच्या मुद्द्याला दुजोरा: बाजारात महाग मिळणारी झुकिनी म्हणजे भोपळ्याच्याच एका जातीचं कोवळं फळ आहे. कोरियन दुकानात ‘एहोबाक’ मिळतो, तो तर आपल्या नेहमीच्या लाल भोपळ्याच्या जातीचा, मुद्दाम कोवळा तोडलेला. ते त्याच्या चकत्या पीठ-अंड्यात बुडवून तव्यावर परततात. आपण डाळीच्या पिठात बुडवून काप करतो, एवढाच फरक.

एक इशारा. शिजवून घोटलेला भोपळा बाटल्यांत बंद करून फडताळात ठेवण्याचा उद्योग घरी करू नका. त्यात आंबटपणा नसतो आणि लगदा दाट असल्याने उष्णता मध्यापर्यंत नीट पोचत नाही. बोट्युलिझमचा, म्हणजे बंद बाटलीत वाढणाऱ्या जिवाणूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. व्हिनेगरची चटणी, साखरेचा जॅम, नाहीतर फ्रीझर.

गुंठाभर

बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. नखाची परीक्षा घेतली. पाच फळं वेगळी निघाली, ती माळ्यावर पेंढ्यात ठेवली. बाकी सगळ्यांत नख लोण्यात गेल्यासारखं गेलं. वऱ्हाडी_ठेचा, तुमची भाजी आज झाली. ताटावरून उठणाऱ्या सदस्याने “दुधी बरा झालाय” असं म्हणून दोनदा घेतली. मी काही बोलले नाही.

एक शंका. बांधाच्या टोकाला आपोआप उगवलेला एक वेल होता, बहुतेक खतातून आलेल्या बियांचा. त्याची फळं जरा लांबट आणि पट्ट्यापट्ट्यांची आहेत. ती पण यातच घ्यायची ना?

डॉ_कुंपणावरचे

थांबा. आधी त्यातल्या प्रत्येक फळाचा छोटा कच्चा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवून बघा, गिळू नका. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि ते फळ टाकून द्या. ‘साखर घालून खपवू’ वगैरे नको. काकडी, दुधी, भोपळा या कुळात कुकरबिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असतात आणि ती शिजवल्याने जात नाहीत. जास्त पोटात गेली तर उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, कधी रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाते. कडू दुधीच्या रसामुळे झालेल्या विषबाधांनंतर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तज्ज्ञ समिती नेमली होती आणि तिचाही सल्ला हाच होता: कडू लागला तर पिऊ नका, आणि पिऊन त्रास झालाच तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

आपोआप उगवलेल्या वेलांत हा धोका जास्त. शोभेच्या भोपळ्याशी संकर झालेलं बी असेल तर फळ दिसायला गोजिरवाणं आणि चवीला जहर निघू शकतं. लावलेल्या वेलांची फळं बहुधा ठीक असतील, तरी एकेक तुकडा चाखायला काय जातं?

गुंठाभर

चाखलं. पट्ट्यापट्ट्यांचं पहिलंच कडूजहर निघालं, चूळ भरून भरून दमले. त्या वेलाची सगळीच फळं बाजूला काढली. डॉक्टरसाहेब, खरंच धन्यवाद.

खडूस_पेठकर

म्हशीला पण घालू नका ती.

डॉ_कुंपणावरचे

बरोबर. ती जनावरांनाही नकोत. चांगली फळं मात्र गुरांना, शेळ्यांना चालतात, फक्त फोडी करून घाला. लहान फळ अख्खं गिळायला गेली तर घशात अडकतं.

माडाखाली

देव बरे करो. कोणी तवसळी नाही म्हटलं अजून? आमच्याकडे हा गोड केक मोठ्या जून तवशाचा, म्हणजे काकडीचा करतात, पण कोवळ्या भोपळ्याच्या किसाची पण झकास होते, दोन्ही पाणीदार आणि स्वभावाने गरीब. तांदळाचा रवा कोरडाच मंद भाजायचा. कीस, गूळ, ओलं खोबरं, चिमूट मीठ, वेलची एकत्र करून गूळ विरघळेपर्यंत गरम करायचं, त्यात मावेल तेवढा रवा. हे पीठ इडलीच्या पिठापेक्षा जरा दाट हवं. हळदीची पानं असतील तर ती तळाला. वाफवायची, किंवा जाड भांड्यात खाली-वर निखारे. तुम्ही ओव्हन लावा. गार झाल्यावरच कापायची, गरम कापली तर चिकटते.

आणि वेलाला एखादा हिरवा शेंडा उरला असेल तर तो पण खुडा. कोवळी पानं-शेंडे, देठाचे दोर सोलून, कांदा-मिरची-खोबऱ्यावर. भुरी आलेली पानं अर्थात नकोत.

हरितगृह_नसलेला

अवांतर: या कोवळ्या फळांतल्या बिया पुढच्या वर्षासाठी ठेवता येतील का? वाण चांगला होता म्हणताय.

मातीत_हात

नाही. कोवळ्या फळातलं बी पोकळ, चपटं असतं, रुजत नाही. ताईंनी पेंढ्यात ठेवलेल्या पाचांतल्या बिया महिना-दीड महिन्याने काढून बघा, फळ ठेवणीत असताना बी थोडं भरत राहतं. पण तो आपोआप आलेला कडू वेल त्याच बांधावर होता. मधमाशीला कुंपण नसतं. या वर्षीच्या फळाच्या चवीत त्याने फरक पडत नाही, पण जाती जुळत असल्या तर संकर बियात उतरतो आणि पुढच्या वर्षीच्या फळात दिसतो. म्हणून नवीन बी घ्या. बंगळूरच्या आयआयएचआर या फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का चंदन हा वाण घरच्या बागेला सोयीचा आहे, फळ दोन-तीन किलोचं, चार माणसांत संपतं.

लावणीचं म्हणाल तर जूनमध्ये पाऊस लांबला तर पिशवीत रोपं करून ठेवा, उगवण होऊन दोन-तीन पानं आली की बांधावर. तेवढेच दिवस पदरात पडतात. आणि वेलावर तीन-चार फळं नीट धरली की शेंडा खुडा, पुढची धरलेली बाळफळं तेव्हाच भाजीला काढा. तुमच्याकडे शेवटी जी कवठाएवढी उरली, ती सप्टेंबरातच भाजीत जायला हवी होती. मोठ्यांना तेवढं जास्त मिळालं असतं.

चिंगी

माझ्या गच्चीवरच्या भोपळ्याची बाळफळं पिवळी पडून गळतात आणि कापली तर आत बारीक अळ्या. ती कंपोस्टमध्ये टाकते, चालेल ना?

मातीत_हात

टाकू नका. ती फळमाशी. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते, म्हणजे कंपोस्टमध्ये तुम्ही तिला घरच बांधून देताय. अशी फळं रोजच्या रोज गोळा करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून कडक उन्हात आठवडाभर ठेवा, मग कचऱ्यात. शेत असेल तर दोन फूट खोल पुरा. क्यू-ल्युरचा कामगंध सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो, त्यात नर अडकतात. आणि गच्चीवर मोजकीच फळं असतील तर मादीफुलाचं परागीभवन सकाळी हाताने करून फळाला कागदी पिशवी बांधा, सगळ्यात स्वस्त उपाय.

गुंठाभर

ताजी खबर: एक पाटी संपली. सांडगे खणखण वाजतात, अर्धे बहिणीकडे गेले. तवसळी एकदा जमली, हळदीची पानं मिळाली नाहीत म्हणून केळीचं पान घातलं. यॉर्कशायरच्या पांडूंची चटणी आंबट सफरचंदाऐवजी कैरीच्या वाळलेल्या फोडी घालून केली. तेल नाही, पण चव लोणच्याच्या वळणावर गेली आणि ते आवडलं. घोटलेला गर बाटलीत भरायचा विचार होता, तो सोडला.

उरलेल्यांचा कीस फ्रीझरमध्ये ठेवायचाय. कच्चाच भरू का?

यॉर्कशायरचा_पांडू

कच्चा भरला तर महिन्याभरात वास आणि पोत दोन्ही बदलतं. थोडा थोडा कीस चाळणीत घेऊन एक-दोन मिनिटं वाफ द्या, पारदर्शक दिसायला लागला की बस. लगेच गार करा, निथळवा आणि एका वेळी लागेल तेवढाच एकेका पिशवीत, चपटा करून. बर्फाच्या लादीसारखा एकच मोठा गोळा केलात तर हातोडा लागेल.

पाटा_वरवंटा

आणि वापरताना गोठलेला तसाच पिठात घालू नका, थालीपीठ तव्यावर पसरतं. चाळणीत ठेवून पूर्ण सुटू द्या, पिळा, आणि सुटलेलं पाणी मोजून मगच भाजणी घ्या. वाफवलेला असल्याने कच्च्या किसापेक्षा भाजणी जरा जास्त लागेल.